वाचकांचे प्रश्न : स्पीकरच्या डब्यावरचे ओरखडे

प्रश्न : घर बदलताना जुन्या बुकशेल्फ स्पीकरवर बारीक चरे पडले. रंग अक्रोडी आहे. सुतार म्हणतो, सगळे घासून नवे पॉलिश मारू. मारावे का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नको. बहुतेक डबे एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचे तंतू किंवा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचे असतात आणि वर दिसते ते लाकूड म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा व्हिनियरचा पापुद्रा. त्यावर मशीन फिरले की आधी कडा जातात. खालचा तपकिरी बोर्ड एकदा उघडा पडला, की रंग लावूनही तो लाकडासारखा दिसत नाही.

आधी फिनिश ओळखा. डब्याच्या मागे, वायरच्या टर्मिनलजवळ, बेलतेलाचा (डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल) एक थेंब ठेवा. वीसेक मिनिटांत मुरला तर तेलाचे फिनिश, तसाच वर बसून राहिला तर लाकडावर थर धरणारे फिनिश : लॅकर, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

तेलाचे फिनिश असेल तर निम्मे काम झालेच. ६०० नंबरचा पॉलिश पेपर रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेने पाच-सहा हलके हात मारा. धूळ पुसा. एक चमचा बेलतेल आणि एक चमचा टर्पेंटाइन एकत्र करून कापडाने लावा, पंधरा मिनिटांनी कोरडे पुसून काढा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. घरातले शेंगदाण्याचे तेल लावायचा मोह होईल, पण ते सुकत नाही. चिकट राहून धूळ धरते.

तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते, तेव्हा उष्णता निघते. गोळा झालेल्या फडक्यात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. फडके पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात दोरीवर सुटे वाळवा.

लॅकर किंवा तसे थराचे फिनिश असेल तर त्यावर नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर चरा वरच्या थरातच आहे. त्याच्या खरबरीत कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. चकचकीत फिनिशवर गाडीचे बारीक रबिंग कंपाउंड मऊ कापडाने चोळले की तो जातो. मॅट फिनिशवर मात्र कंपाउंड लावाल, तर चऱ्याऐवजी चमकणारा ठिपका दिसेल. तिथे नुसते फर्निचरचे मेण पुरते.

नख अडकले तर आधी रंग. टचअप मार्कर डब्याच्या रंगापेक्षा एक छटा फिका घ्या, कारण तुटलेले तंतू रंग जास्त शोषतात आणि तीच छटा गडद उमटते. मग १०० मिली स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. शून्य नंबरच्या ब्रशने फक्त चऱ्यात भरा, तासाच्या अंतराने तीन-चार वेळा. दुसऱ्या दिवशी १००० नंबरच्या पेपरने अलगद सपाट करा. हे सकाळी लवकर करा. भर दुपारी स्पिरिट इतके झटकन उडते की लाख पसरायच्या आतच ओरखड्याची कड जाड होते.

काम करताना स्पीकरच्या कोनवर (पुढच्या थरथरणाऱ्या पडद्यावर) कागद लावून मास्किंग टेप मारा. स्टील वूल वापरूच नका. त्याचे तुकडे चुंबकाकडे ओढले जातात आणि व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत शिरले की कॉइल घासू लागते. मग चरा राहतो बाजूला आणि आवाज फाटतो.

प्रश्न : आमच्या स्पीकरवर लाकडाच्या रेषा दर फूटभराने अगदी तशाच पुन्हा येतात. तेच उपाय चालतील?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. ते छापील विनाइल आहे. पेपर लावला तर छपाई जाते, थिनरने ते विरघळते. मार्कर, वर मेण, बस. कड उचललेली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून आत कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हचा पातळ थर द्या आणि बोटाने दाबा.

प्रश्न : कूलरसमोरच्या स्पीकरवर ओरखडा नाही, पण पांढुरके धुके आले आहे आणि खालची कड फुगली आहे.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : धुके म्हणजे लाख किंवा लॅकरच्या थरात अडकलेली ओल. स्पिरिटने जेमतेम दमट केलेले फडके एकदाच, न थांबता, त्यावरून फिरवा. थांबलात तर पॉलिश निघेल. फुगलेला एमडीएफ मात्र पुन्हा बसत नाही. स्पीकर कूलरच्या झोतातून हलवा आणि खाली रबरी पाय लावा.