इतिहास, राजकारण, साहित्य आणि रोजच्या खाण्यातले ब्रँड यांतली थक्क करणारी कोणती माहिती तुम्ही सांगाल?

सुटी सुटी माहिती देण्यापेक्षा अमूल बटरबद्दल सांगतो, कारण तुम्ही विचारलेले चारही विषय त्यात येतात.

अमूलच्या आधी मुंबईत बटर म्हणजे पॉलसन. नाव साहेबी, पण मालक पारशी: पेस्तनजी एदलजी दलाल. त्यांची डेअरी गुजरातेत आणंदला होती. १९४५ मध्ये सरकारने मुंबईला दूध पुरवायची योजना काढली आणि खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करण्याचा मक्ता पॉलसनला दिला. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात मात्र फारसं काही पडेना. गाऱ्हाणं सरदार पटेलांपर्यंत गेलं. त्यांचा सल्ला होता, मधला माणूस काढा आणि स्वतःची सहकारी संस्था उभी करा. त्यांनी मोरारजी देसाईंना तिकडे पाठवलं. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावात सभा झाली आणि पॉलसनला दूध घालायचं नाही असं ठरलं. पंधरा दिवस संप चालला. शेवटी मुंबईचे इंग्रज मिल्क कमिशनर आणंदला आले आणि सहकारी संस्थेची मागणी मान्य करून गेले. त्याच डिसेंबरात शेतकऱ्यांच्या सहकारी दूध संघाची, म्हणजे पुढच्या अमूलची, रीतसर नोंदणी झाली, त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले. स्वातंत्र्याच्या आधी, गवळ्यांनी आणि छोट्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस नेट धरून हे मिळवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण खरी गंमत पुढे आहे, चवीची. संघाने ताज्या सायीचं बटर बाजारात आणलं तर मुंबईकरांना ते सपक लागलं! पॉलसनची साय आंबवलेली असायची आणि बटर चांगलं खारट. लोकांच्या जिभेला तीच सवय. शिवाय म्हशीच्या दुधाचं लोणी असतं पांढरं. घरी ताक घुसळून काढलेला गोळा आठवा. पॉलसन पिवळं होतं. म्हणजे ताजा, चांगला माल असूनही तो खपेना. मग अमूलनेही मीठ घातलं आणि रंगही. आजही पाकिटावरचे घटक वाचा: मीठ आणि अनाटो, म्हणजे शेंदरीच्या बियांपासून काढलेला रंग. ज्याला हरवलं त्याचीच चव आपण पावाला लावून खातो, आणि तीच आता 'अमूलची चव' झाली आहे.

पुढे अमूलला मोठं करणारे डॉ. व्हर्गीस कुरियन स्वतः दूध पीत नसत. आवडत नाही, असं सरळ सांगत. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना, त्रिभुवनदासांना आणि मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांना मिळून दिला गेला. कुरियन आणि खुरोडी यांचे खटके सतत उडत, तरी सन्मान एकत्रच झाला.

आता साहित्य. १९७६ चा 'मंथन' हा सिनेमा याच चळवळीवर आहे. दिग्दर्शक श्याम बेनेगल. पैसे कुणी दिले? गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी, प्रत्येकी दोन रुपये. श्रेयनामावलीत सादरकर्ते म्हणून तेच आहेत, आणि आपण पैसे घातलेला सिनेमा बघायला ते ट्रक भरभरून आले. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. 'घाशीराम कोतवाल' लिहिणाऱ्याच हाताची. तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नायक आहेत गिरीश कार्नाड, म्हणजे लिहिणारा एक मोठा नाटककार आणि काम करणारा दुसरा. सोबत स्मिता पाटील. गावातली जात, सरपंचाची दादागिरी, डेअरीच्या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, हे सगळं तेंडुलकरांनी ज्या नजरेने टिपलंय त्यासाठी तरी तो पाहाच. २०२४ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.