80 हजार पानांच्या साइटला वर्डप्रेस, ड्रुपल की हेडलेस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 80 हजारांच्या आसपास पानं, 60 संपादक, तीन भाषा, जुनं सीएमएस (साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) बंद करायचंय, तर वर्डप्रेस घ्यावं, ड्रुपल घ्यावं की हेडलेस (मजकूर एका सिस्टिममध्ये, वाचकाला दिसणारी साइट वेगळी बांधलेली)? आणि खाली जाता जाता एक ओळ: 'टीमचा कल पेज बिल्डरकडे आहे, म्हणजे संपादकांना दर वेळी डेव्हलपरकडे जावं लागणार नाही.' उत्तर लिहायला घेतलं ते या ओळीमुळे. हा वाद जुना आहे आणि माझी बाजू ठरलेली आहे.

आधी नावांचं उरकतो. अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साइट 2009 मध्ये ड्रुपलवर गेली, 2017 मध्ये वर्डप्रेसवर आली. दोन्हीवर चालली. तेव्हा 'वर्डप्रेसला मोठी साइट झेपत नाही' हे पालुपद सोडा. 80 हजार नोंदी डेटाबेसच्या हिशेबात किरकोळ आहेत. साइट मोठी होते ती मजकुराचे प्रकार, त्यांचे एकमेकांशी संबंध आणि त्यात हात घालणारी माणसं यांमुळे. 80 हजार सरळ लेख असतील तर साइट छोटीच म्हणायची. 5 हजार पानं असून त्यात अभ्यासक्रम, शिक्षक, विभाग, कार्यक्रम आणि सूचना एकमेकांत गुंतलेल्या असतील, तर मोठी.

आता पेज बिल्डर, म्हणजे कोड न लिहिता चौकटी ओढून पान मांडायचं साधन. एक कार्यक्रम घ्या: नाव, तारीख, ठिकाण, वक्ता, नोंदणीची लिंक. पेज बिल्डरमध्ये संपादक हे सगळं चौकटी ओढून छान मांडतो, पान देखणं दिसतं, डेमो बघणारे खूश. साठतं काय? काही बिल्डर शॉर्टकोडनं (चौकोनी कंसांतल्या खुणांनी) भरलेला एक लांबलचक मजकूर साठवतात, काही सगळी मांडणी जेसन नावाच्या रूपात एकाच फील्डमध्ये कोंबतात. तारीख नावाची वस्तू त्यात कुठेच नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, 'पुढच्या महिन्यातले कार्यक्रम तारखेनुसार होमपेजवर दाखवा.' सिस्टिमला तारीखच ठाऊक नसल्यामुळे संपादक यादीचं पान हातानं लिहायला लागतो. कार्यक्रम पुढे ढकलला की तारीख बदलायची मूळ पानावर, यादीत आणि होमपेजवर, तेही तीन भाषांत. नऊ ठिकाणं. त्यातलं एक राहतंच.

पुढचं सीएमएस बदलताना तर पुरती वाट लागते. त्या लांबलचक मजकुरातून स्क्रिप्टनं तारीख उपसायला जा, तर एका पानावर '12 मे', दुसऱ्यावर '12/05', तिसऱ्यावर 'येत्या रविवारी सायंकाळी'. बिल्डरचं प्लगइन (सीएमएसला जोडलेला भाग) नुसतं बंद करून बघा. शॉर्टकोडवाला असेल तर चौकोनी कंसांचा चिखल थेट वाचकाच्या पानावर येतो. डेव्हलपरकडे जावं लागू नये म्हणून आणलेलं हत्यार शेवटी डेव्हलपरलाच महिनोन्‌महिने बसवून ठेवतं.

म्हणून सीएमएसचं नाव ठरवण्याआधी मजकुराचे प्रकार आणि प्रत्येकाची फील्ड कागदावर उतरवा. कोणतं फील्ड सक्तीचं, कशावरून गाळणी लावायची, कशानं क्रम लावायचा, कोणतं भाषांतरित होणार आणि कोणतं तिन्ही भाषांत एकच राहणार. हा तक्ता हातात आला की निवड बरीचशी आपोआप होते.

वर्डप्रेसमध्ये ही फील्ड डेटाबेसच्या पोस्टमेटा टेबलात जातात आणि ते टेबल कसं चालतं हे ठाऊक हवं. मूल्याचा रकाना लाँगटेक्स्ट, म्हणजे लांब मजकुराचा आहे, त्यावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही. एसीएफसारखं फील्ड जोडणारं प्लगइन दर फील्डमागे दोन ओळी लिहितं, एक मूल्याची आणि एक फील्डच्या ओळखीची. 20 फील्ड म्हणजे नोंदीमागे 40 ओळी, 80 हजारांना 32 लाख. नुसत्या साठवणीनं काही बिघडत नाही. बिघडतं ते 'ठिकाण अमुक, विभाग तमुक, क्रम तारखेनं' अशी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) आली की. दर अटीमागे तेच टेबल आणखी एकदा जोडावं लागतं (जॉइन), आणि मूल्य मजकूर म्हणून साठल्यामुळे प्रकार न सांगता क्रम लावला तर 10 हा 9 च्या आधी येतो. उपाय माहीत आहेत: गाळणीची फील्ड टॅक्सॉनॉमीत (वर्डप्रेसच्या वर्गवारीत) टाका, तारखांसाठी वेगळं टेबल करून त्यावर इंडेक्स द्या, आणि पानांची एकूण संख्या नको असेल तिथे क्वेरीत ती मोजणी बंद करा. रिव्हिजनना, म्हणजे साठवलेल्या जुन्या आवृत्त्यांना, मुळात मर्यादा नसते आणि प्रत्येक रिव्हिजन पूर्ण मजकुरासह पोस्टच्याच टेबलात बसते. कॉन्फिगमध्ये आकडा घालून टाका.

ड्रुपलमध्ये जोडलेल्या प्रत्येक फील्डला स्वतःचं टेबल आणि रिव्हिजनचं आणखी एक. टेबलांची संख्या बघून घाबरायला होतं, पण तारीख स्वतःच्या रकान्यात, क्रम लावता येईल अशा ठरावीक रूपात साठते. भाषांतर गाभ्यातच (वेगळं काही न जोडता) आहे, एकाच नोंदीत फील्डनिहाय. वर्डप्रेसच्या गाभ्यात बहुभाषिक सोय नाही. बहुतेक प्लगइन दर भाषेला वेगळी पोस्ट करून त्या एकमेकींना जोडतात. मसुदा, तपासणी, प्रकाशन अशा मंजुरीच्या पायऱ्याही ड्रुपलच्या गाभ्यात. कॅशे म्हणजे तयार पानांच्या साठवलेल्या प्रती. ड्रुपल त्यांवर कोणत्या नोंदी आहेत याच्या खुणा (कॅशे टॅग) ठेवतं, त्यामुळे एक नोंद बदलली की ती जिथे जिथे दिसते तेवढीच पानं कॅशेमधून जातात. वर्डप्रेसमध्ये हे प्लगइनच्या अकलेवर असतं आणि बऱ्याचदा 'सगळंच साफ करा' इथे येऊन थांबतं.

तुमच्या वर्णनावरून माझं मत ड्रुपल. पण किंमत ऐकून घ्या. संपादनाचा फॉर्म रुक्ष आहे आणि 60 पैकी निम्मे संपादक कुरकुरणार. ड्रुपल 7 वरून 8 वर जाणं म्हणजे जवळपास नवी साइट बांधणं होतं, त्यामुळे कितीतरी जण 7 वरच अडकले आणि 5 जानेवारी 2025 ला त्याचा आधार संपला. 8 नंतरच्या उड्या सोप्या आहेत, अट एवढीच की जोडलेली मॉड्यूल (ड्रुपलची प्लगइन) वेळेत तयार व्हायला हवीत. आणि पॅच (सुरक्षेच्या दुरुस्त्या) लावणारा माणूस हवाच. ऑक्टोबर 2014 च्या, सुरक्षेतल्या त्या प्रसिद्ध भोकाबाबत ड्रुपलच्या सुरक्षा टीमनं बजावलं होतं की 7 तासांत पॅच लागला नसेल तर साइट फुटली असंच धरा. असा माणूस नसेल तर स्वतःच्या सर्व्हरवर काही ठेवू नका.

हेडलेसमध्ये फील्डांची शिस्त आपोआप येते, ही जमेची बाजू. पण प्रीव्ह्यू, मेनू, रीडायरेक्ट, फॉर्म, शोध, साइटमॅप हे सगळं तुम्हीच बांधायचं. प्रीव्ह्यू तर हमखास अर्धवट राहतो आणि संपादक 'प्रकाशित करून बघू' या सवयीला लागतात. होस्टेड (कंपनीच्या सर्व्हरवरच्या) सेवेत नोंदी, भाषा आणि एपीआय कॉल (साइटनं मजकूर मागवण्याच्या विनंत्या) यांच्या मर्यादा करार करण्याआधी तुमच्या आकड्यांवर ताडून बघा. तीन भाषांत तुमचा आकडा तिप्पट होऊ शकतो. त्यात स्थिर पानं बनवणार असाल तर एका शब्दाच्या दुरुस्तीला किती पानं पुन्हा बांधली जातात ते विचारा.

डेमोवर विश्वास ठेवू नका. डेमोत 15 पानं असतात. चाचणी अशी करा: वर्डप्रेसमध्ये डब्ल्यूपी-सीएलआय या कमांडच्या साधनानं, ड्रुपलमध्ये डेव्हेल जनरेट या मॉड्यूलनं 1 लाख खोट्या नोंदी भरा. डब्ल्यूपी-सीएलआय पोस्ट बनवतं, तुमची फील्ड भरत नाही. ती वेगळ्या स्क्रिप्टनं भरा, नाहीतर चाचणी खोटी. मग पेज कॅशे बंद ठेवून लॉगिन करा आणि नोंदींची यादी, यादीतला शोध, शेवटच्या पानापर्यंतची पानबदल आणि सेव्ह बटण यांचा वेळ मोजा. वाचकाला कॅशे वाचवतं, संपादकाला नाही. 60 जण संपादनाचं पान उघडं टाकून जेवायला गेले तरी वर्डप्रेसचा हार्टबीट (उघड्या पानातून आपोआप जाणारी विनंती) थोड्या थोड्या वेळानं सर्व्हरला डिवचत राहतो, आणि त्या विनंत्या कॅशेतून भागत नाहीत.

देवनागरी पत्त्यांचं एक फारसं कुणी सांगत नाही. वर्डप्रेसचा स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) 200 वर्णांत बसावा लागतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलंतसुद्धा, तिथे 9 वर्णांचं होतं. म्हणजे जेमतेम 22 चिन्हं. 'अभ्यासक्रमाच्या प्रवेशप्रक्रियेचे वेळापत्रक' याचा स्लग 'अभ्यासक्रमाच्या-प्रवेशप' इथे तुटतो. 'अभ्यासक्रमाच्या प्रवेशप्रक्रियेचे नियम' हे पान केलं की तेही तिथेच तुटतं आणि शेपटीला 2 लागतो. स्लग हातानं आखूड द्या किंवा पत्त्यात नोंदीचा क्रमांक ठेवा, पण स्थलांतराआधी ठरवा.

स्थलांतराची स्क्रिप्ट पुन्हापुन्हा चालवता येईल अशीच लिहा. नव्या नोंदीत जुना आयडी साठवला की दुसऱ्या फेरीत दुहेरी नोंदी होत नाहीत. ड्रुपलचं मायग्रेट मॉड्यूल ही जोडणी स्वतःच ठेवतं. वर्षभरात कुणी न उघडलेली पानं आधीच बाजूला काढा.

एवढं झोडपल्यावर एक मान्य करतो: मोहिमेची, जाहिरातीची, महिनाभरानं काढून टाकायची पानं पेज बिल्डरमध्ये खुशाल करा. आणि तक्ता मांडल्यावर तुमची 80 हजार पानं लेख, बातमी आणि स्थिर पान एवढ्यातच बसली, तर माझं ड्रुपलचं मत मागे घेतो. वर्डप्रेस घ्या, ब्लॉक एडिटर वापरा, प्लगइन मोजकी ठेवा.

जुन्या पत्त्यांची यादी सीएमएसमधून काढून भागत नाही. सर्व्हरचे निदान 12 महिन्यांचे लॉग, जुना साइटमॅप आणि गूगलचं सर्च कन्सोल, तिन्हींतून गोळा करा. 301 (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) एका उडीतच नव्या पानावर न्या आणि तो नकाशा प्लगइनऐवजी वेबसर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ठेवा. साइट चालू झाल्यावर पहिले दोन आठवडे 404 ('पान सापडलं नाही') ची नोंद रोज उघडा आणि ज्या पत्त्यावर जास्त आपटतायत तो आधी दुरुस्त करा. पीडीएफ सगळ्यात जास्त तुटतात, कारण एफटीपीनं (थेट सर्व्हरवर) टाकलेल्या फायली कुठल्याच सीएमएसच्या यादीत नसतात.