वकील आणि राजकारणी असलेल्या मेरी रॉबिन्सन संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त कशा झाल्या?

माझ्या मते त्यांची खरी तयारी कोर्टात झाली. जन्म 1944 चा, आयर्लंडमधल्या बॅलिना गावचा. पंचविशीतच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कायद्याच्या प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी, 1969 मध्ये, सिनेटवर, म्हणजे आयरिश संसदेच्या वरच्या सभागृहावर, निवडून आल्या. पुढची वीस वर्षं वकिली आणि सिनेट दोन्ही सांभाळलं.

त्यांचा एक खटला मला फार मोलाचा वाटतो. कॉर्कमधल्या एका बाईला नवऱ्यापासून कायद्याने विभक्त व्हायचं होतं, पण वकिलाची फी परवडत नव्हती आणि सरकारी मदत मिळत नव्हती. रॉबिन्सन तिची बाजू घेऊन थेट युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेल्या. 1979 मध्ये निकाल बाईच्या बाजूने लागला: पैसे नाहीत म्हणून कोर्टाचं दार बंद होत असेल, तर तो हक्कभंगच.

1990 मध्ये त्या आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. पोटापाण्यासाठी परदेशी गेलेल्या आयरिश माणसांची आठवण म्हणून राष्ट्राध्यक्ष निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांनी कायम दिवा तेवत ठेवला. मुदत संपायला थोडे आठवडे उरले असताना, 1997 मध्ये, राजीनामा देऊन त्या उच्चायुक्त झाल्या आणि 2002 पर्यंत त्या पदावर राहिल्या.