घसा दुखणं साधं नाहीये हे कसं ओळखायचं?

पाच दिवस घसा दुखतोय, बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बंद केलं आणि आता फक्त डावीकडे ठणका लागतोय, कानात पण कळ जाते, तर अजून थांबू का असं तुम्ही विचारलंय. थांबू नका हो, आजच कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा.

माझ्या भावाचं डिट्टो असंच झालं होतं. आधी साधा घसा धरला, आई हळद-मिठाच्या गुळण्या देत होती, आम्हाला वाटलं व्हायरल असेल जाईल आठवड्यात, आणि बहुतेकदा जातंच म्हणा, पण पाचव्या दिवशी सगळं दुखणं एका बाजूला आलं आणि तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज यायला लागला. संध्याकाळी बघतो तर हा मांडीवर वाटी घेऊन बसलाय आणि लाळ त्यात सोडतोय, आवंढाच गिळवत नव्हता त्याला. तोंड उघड म्हटलं तर जेमतेम एक बोट आत जाईल एवढंच उघडलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून मला दाखवलं, पडजीभ मधोमध लोंबायची ती पार दुसऱ्या बाजूला ढकलली गेलेली, टॉन्सिलच्या बाजूला पू साठला होता. सुईने पू काढला, सलाईन लावलं, रात्री तो स्वतःहून पाणी प्यायला.

श्वास घेताना घरघर आवाज येत असेल, लाळ गळत असेल, आडवं पडवत नसेल तर उद्यावर टाकू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा. लहान मूल असेल तर घशात चमचा घालून अजिबात बघू नका, श्वास अडकू शकतो. घशात राखाडी पापुद्रा आणि मान सुजलेली असेल तर घटसर्पाची शंका, त्यालाही थांबायचं नसतं.

आणि घसा बरा झाला म्हणून विषय संपला असं नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचा घसा असेल तर काहींचे 2-3 आठवड्यांनी आज गुडघा उद्या घोटा असे सांधे सुजतात, ताप येतो, धाप लागते, हा ऱ्हुमॅटिक फिवर. जास्त करून 5 ते 15 वयाच्या मुलांना होतो. माझ्या मावशीला लहानपणी झालेला, हृदयाची झडप खराब झाली, कित्येक वर्षं दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायची. अशा घशानंतर लघवी चहासारखी लाल झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली तर किडनीची तपासणी लगेच करायची. ऱ्हुमॅटिक फिवर टळावा म्हणून स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला पेनिसिलिन सहसा 10 दिवस देतात, मधे सोडायचं नसतं.

जाताना गोळ्यांचं उरलेलं पाकीट सोबत न्या, किती घेतल्या ते डॉक्टर विचारतीलच.