चालताना रायफलचा बोल्ट आपोआप उघडतो, स्प्रिंग बदलू का?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात हरणाच्या सीझनमध्ये रायफल खांद्याला अडकवून झाडीतून जाताना बोल्टचा (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हाताने सरकवायचा भाग) दांडा आपोआप वर आलेला सापडला, आणि दुकानदार म्हणतो मेनस्प्रिंग (काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनला पुढे ढकलणारी स्प्रिंग) जड टाका. मीही याच राज्यात शिकार करतो. इथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, म्हणून बोल्टवाल्याच जास्त दिसतात आणि ही तक्रार दर सीझनला कानावर येते. स्प्रिंग विकत घेण्याआधी घरी एक तपासणी करा.

मॅगझिन आणि चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं करा, डोळ्यांनी बघा, शिवाय बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी सुरक्षित दिशेला धरून बोल्ट बंद करा, चाप ओढा आणि मग दांडा उचला. आता तो चांगला जड लागायला हवा, कारण बहुतेक शिकारी रायफलींत दांडा उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते. तरीही हलकाच लागला तर स्प्रिंग थकलीय किंवा तुटलीय, आणि दुकानदाराचं बरोबर आहे. (ली-एनफिल्डची गोष्ट वेगळी. तिथे स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, त्यामुळे दांडा मुळातच हलका. भारतातली .315 बोअरची सरकारी कारखान्याची रायफल त्याच कुळातली.)

पुढची पायरी: बोल्ट पुन्हा बंद करा, पण चाप ओढू नका. दांडा उचला. सहज वर येईल. जंगलात तुमची रायफल याच अवस्थेत असते. स्प्रिंग आधीच दाबलेली, फायरिंग पिन सीअरवर (चाप ओढेपर्यंत पिन धरून ठेवणारा खटका) अडकलेली, त्यामुळे दांड्याला दाबण्यासारखं काही उरतच नाही. विरोध होतो तो फक्त लग्जच्या (बोल्टला जागेवर अडकवणारे त्याचे दात) घर्षणाचा. जड स्प्रिंग टाकली तर हे घर्षण किंचित वाढेल, पण गोळी झाडल्यावर बोल्ट उघडताना मात्र मनगट दुखेल. म्हणून पहिल्या तपासणीत स्प्रिंग ठीक निघाली तर ती बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न सेफ्टीचा आहे. सेफ्टी लावल्यावर दांडा उचलून बघा. काही रायफलींत सेफ्टी बोल्टलाही अडकवते, काहींत फक्त चाप किंवा पिन अडवते. मॉझर 98 आणि विंचेस्टर मॉडेल 70 यांच्या सेफ्टीला तीन जागा आहेत. एका टोकाला पिनबरोबर बोल्टही अडवलेला, मधल्या जागेवर पिन अडवलेली पण बोल्ट मोकळा, दुसऱ्या टोकाला फायर. रेमिंग्टन 700 ची सेफ्टी पूर्वी बोल्ट अडवत असे. 1982 मध्ये ते काढून टाकलं, जेणेकरून सेफ्टी न काढता चेंबर रिकामं करता यावं. कारण योग्यच होतं, पण त्याची किंमत अशी की दांडा मोकळा राहिला. रुगर अमेरिकनचंही तसंच, सेफ्टी लावलेली असली तरी बोल्ट चालतो. तुमची सेफ्टी तीन जागांची असेल आणि तुम्ही मधल्या जागेवर ठेवून चालत असाल, तर रोग तिथेच सापडला.

मोकळा दांडा वर जातो कसा? उजव्या खांद्यावर नळी वर करून रायफल लटकवली की दांडा शरीरापासून बाहेर, उजवीकडे येतो. तुम्ही पुढे चालता, लॉरेलच्या झुडपांच्या फांद्या त्याला मागे ढकलतात, आणि मागे म्हणजे नेमकी बोल्ट उघडण्याचीच दिशा. त्यात कुणी दांड्याला मोठी गोल मूठ बसवून घेतली असेल तर बघायलाच नको. ती स्पर्धेच्या रायफलीला शोभते. झाडीत मूळची लहान मूठच बरी.

दांडा थोडासा वर आलेला असताना चाप ओढला तर पिनचा बराचसा जोर बोल्ट खाली फिरवण्यातच जातो. नुसता टक आवाज येतो, काडतूस फुटत नाही आणि हरीण पसार. बोल्ट पूर्ण मागे गेला तर काडतूस पाचोळ्यात.

उपाय म्हणाल तर मी दाट झाडीत रायफल खांद्याला लावतच नाही, दोन्ही हातांत धरतो. एरवी चालताना चेंबर रिकामं, जागेवर बसल्यावरच काडतूस आत. बसल्यावर तळहाताने दांडा एकदा खाली दाबायचा, हे अंगवळणी पडतं. काही जण दांड्याला रबरी पट्टा गुंडाळतात. मला ते पटत नाही, घाईत सोडवताना बोट चापाकडे जातं. लग्जवर ग्रीसचा थर असेल तर पुसून पातळ करा, पण अगदी कोरडे ठेवू नका. कायमचा इलाज हवा असेल तर काही मॉडेलना बोल्टच्या मागे बसणारी तीन जागांची सेफ्टी मिळते. ती गनस्मिथकडूनच (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) बसवा. तिचं मोजमाप पिन आणि सीअरशी जुळावं लागतं. सीअरला स्वतः कानस लावू नका.

आणि बोल्ट चालताना नव्हे, गोळी झाडताना उघडत असेल, तर वरचं सगळं विसरा. रायफल वापरणं तिथेच थांबवा आणि गनस्मिथला दाखवा.

मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि सेफ्टीला किती जागा आहेत ते कळवा, म्हणजे तुमच्या रायफलीत बोल्ट अडतो की नाही ते सांगता येईल.