गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली काम करता येईल का?

नाही, तो जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. गाडीखाली शिरण्यापूर्वी तिचा भार जॅक स्टँडवर, म्हणजे खटका किंवा पिन लागणाऱ्या लोखंडी घोडीवर, उतरवलाच पाहिजे. कात्री जॅकची, म्हणजे स्क्रू फिरवला की कात्रीसारख्या उघडणाऱ्या जॅकची, बैठक अरुंद असल्याने तो जरा धक्का लागताच कलंडतो, तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, जॅकचे सील झिजले की तेल गळून तो नकळत खाली बसतो. विटांची चळत तर नकोच, कारण वीट तडकण्यापूर्वी कोणतीही सूचना देत नाही. जमीन सपाट व टणक असावी. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावावेत. टेकू देण्याच्या जागा मात्र प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या असतात. त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतच पाहाव्यात.