टाळ्या बाबांसाठी होत्या

प्रिय ताई,
माझे पती फौजेत होते. चार महिन्यांपूर्वी पेन्शन घेऊन घरी आले. ते बाहेर असताना आमची १२ वर्षांची मुलगी माझा उजवा हात होती. रात्रीचं कडीकुलूप, गॅसचा कॉक, धाकट्याचा गृहपाठ, सगळं तीच बघायची. आता हे बाबा बघतात आणि ती गप्प गप्प असते. बाबांनी लावलेली कडी रात्री उठून पुन्हा तपासते. शाळेत (ही तिची पाचवी शाळा) तिला ‘सैनिकाची मुलगी’ म्हणून स्टेजवर बोलावलं, टाळ्या झाल्या. घरी येऊन खूप रडली. म्हणाली, “टाळ्या बाबांसाठी होत्या. मला नुसतं उभं केलं.” नातेवाईक विचारतात, बाप घरी आलाय, आता कसलं दुःख? माझंच काही चुकतंय का?
— एक आई

प्रिय ताई,
तुमचं काही चुकत नाहीये. मुलीचंही नाही. त्या कडीबद्दलचं तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं.

फौजेत माणूस आपली जागा सोडून नुसता निघून जात नाही, हे तुमच्या पतींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो चार्ज देतो. किल्ल्या, रजिस्टर, काय चालू आहे, काय बिघडलंय, सगळं मोजून पुढच्याच्या हाती देतो आणि मग सही होते. तुमच्या लेकीने इतकी वर्षं घराचा चार्ज सांभाळला, आणि एके दिवशी बाबा आले आणि स्वतःच कडी लावू लागले. प्रेमानेच लावली असणार. पण तिच्याकडून चार्ज कुणी घेतलाच नाही. म्हणून ती अजून ड्युटीवर आहे.

तेव्हा बाबांनाच सांगा, एका संध्याकाळी तिच्याशेजारी बसून चार्ज घ्या. कुठली खिडकी नीट लागत नाही, धाकटा कुठल्या गणिताला अडतो, आईचं डोकं दुखायला लागलं की ती काय करायची, हे सगळं तिला विचारून वहीत लिहून घ्या. खाली दोघांची सही. आणि सगळंच काढून घेऊ नका. एखादं काम तिला स्वतःकडे ठेवायचं असेल तर ते तिचंच राहू द्या.

नातेवाइकांच्या प्रश्नालाही उत्तर आहे. अमेरिकेतल्या कौटुंबिक समुपदेशक आणि अभ्यासक पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस समोर नसतो पण मनातून हलत नाही, तेव्हा घराला धड दुःखही करता येत नाही, हे त्यांनी मांडलं. असं अडून राहिलेलं दुःख बाप घरी आला म्हणून लगेच संपत नाही. याची दुसरी बाजूही त्यांनी दाखवली: माणूस समोर बसलेला असतो आणि मनाने तिथे नसतो. तुमचे पती कुठल्या आवाजाने दचकतात का, चिडतात का, झोपतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तसं काही असेल तर त्यांच्यासाठी डॉक्टरांची मदत घ्या. बाबांचा मूड सांभाळणं ही तिची नवी ड्युटी होऊ देऊ नका.

आता शाळा. तिचं वाक्य वर्गशिक्षिकांना जसंच्या तसं सांगा. त्यांनी ते वाईट हेतूने केलं नाही, पण स्टेजवर नेण्याआधी मुलीला विचारायला हवं होतं. कौतुक करायचंच तर तिने केलेल्या गोष्टींचं करावं. अमेरिकेत १९८६ पासून एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून पाळला जातो. डँडेलियन हे या मुलांचं फूल मानतात, कारण त्याचं बी वारा नेईल तिथे रुजतं. छान आहे, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथल्या राज्यांनी २००८ पासून एकेक करत स्वीकारलेला करार. आईवडिलांच्या बदलीने शाळा बदलली तर दाखल्यासाठी प्रवेश अडू नये, आधी शिकलेलं वाया जाऊ नये, मोहिमेवरून परतलेल्या आईला किंवा वडिलांना भेटायला जादा सुट्टी देता यावी, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. तुम्हीही शिक्षिकांकडे असंच साधं काही मागा. पाच शाळांत कुठला धडा दोनदा झाला आणि कुठला झालाच नाही, हे कुणीतरी तिच्याबरोबर बसून बघावं. अपूर्णांक एका शाळेत पुढे शिकवायचे होते आणि दुसरीत आधीच शिकवून झालेले, असं झालं की मूल स्वतःलाच ढ समजू लागतं.

तिच्याशी बोलताना “तू किती शूर आहेस” म्हणू नका. शूर म्हटलेल्या मुलाला मग रडायची चोरी होते. “बाबा नव्हते तेव्हा सगळ्यात अवघड काय गेलं?” एवढंच विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. बाबाही तिथे असले तर बरं, त्यांनी फक्त ऐकावं.

रात्रीचं उठणं आणखी काही आठवडे चाललं, जेवण कमी झालं किंवा शाळा नकोशी झाली, तर समुपदेशकांकडे न्यायला उशीर करू नका.

सही झाल्यावर मला पुन्हा लिहा. कडी आता कोण लावतं, तेही कळवा.